रूपांतरित लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल विकत घेण्यापूर्वीची तयारी

दोन्ही महायुद्धांनंतर निरनिराळ्या सैन्यांच्या कोठारांतून बाहेर पडलेल्या लाखो बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली (काडतुसामागचा पोलादी बोल्ट हाताने मागेपुढे सरकवून चालणाऱ्या) नागरी बाजारात अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने परदेशी लष्करी शस्त्रांची आयात रोखेपर्यंत अमेरिकेत तर त्या टपालानेही मागवता येत असत. शिकारीसाठी नवी रायफल घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी या रायफलींचा लांबलचक लाकडी दस्ता कापला, नळी आखूड केली, लष्करी साइट काढून दुर्बीण बसवली आणि बोल्टचा दांडा खाली वाकवून घेतला. अशा रूपांतरित रायफलींनाच स्पोर्टराइज्ड रायफल म्हणतात. मूळ कारखान्याचे नाव पाहून ग्राहक भारावतो. पण माउझर किंवा एन्फिल्डच्या कारखान्यातले काम शंभर वर्षांपूर्वी तपासून झालेले असते. तपासायचे राहिलेले असते ते त्यानंतर कानस आणि ड्रिल घेऊन तिच्यावर बसलेल्या अनामिक माणसाचे काम. पुढची सगळी तयारी त्या माणसाचा हात ओळखण्यासाठी आहे.

पहिली तयारी घरीच करायची. रायफल नेमकी कशासाठी हवी आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. शिकारीसाठी किंवा नियमित नेमबाजीसाठी हवी असेल, तर तिची तुलना आजच्या साध्या, हमीसह मिळणाऱ्या कारखानी रायफलीशी होणार आहे. जुनी यंत्रणा समजून घेण्याची आणि सांभाळण्याची हौस असेल, तर निकष वेगळे लागतात. आणि पुढेमागे किंमत चढेल अशा आशेने घेत असाल, तर तो विचार सोडून द्यावा, कारण संग्राहकाला हवा असलेला मूळ अवस्थेचा ऐवज रूपांतर करतानाच संपलेला असतो. त्याचबरोबर आपल्या देशातील कायद्यानुसार आपल्या परवान्यावर हे शस्त्र आणि हे कॅलिबर (नळीचे आणि काडतुसाचे माप) बसते की नाही, हस्तांतराची पद्धत काय आहे आणि काडतुसे कायदेशीररीत्या मिळतात का, याची लेखी खातरजमा रायफल पाहायला जाण्याआधीच करावी. क्रमांक घासून काढलेल्या किंवा नव्याने ठोकलेला दिसणाऱ्या रायफलीला हात लावू नये. त्याबाबत वाटाघाटीला जागाच नाही.

मग त्या विशिष्ट नमुन्याचा अभ्यास करावा, कारण प्रत्येकाच्या खोडी वेगळ्या आहेत. १८९८ च्या माउझरमध्ये पुढच्या दोन लॉकिंग लगांखेरीज (लग म्हणजे बंद बोल्टला जागी धरून ठेवणारे उंचवटे) मागे तिसरा सुरक्षा लग असतो आणि काडतुसाची पुंगळी फाटलीच तर वायू बाजूला वळवण्याची सोयही असते. म्हणूनच शिकारीच्या रायफलींसाठी ही यंत्रणा सर्वाधिक वापरली गेली. १८९३ च्या स्पॅनिश माउझरमध्ये तो तिसरा लग नाही, आणि १८९६ च्या स्वीडिश माउझरमध्येही नाही. त्यामुळे अशा रायफलीवर कोणी जास्त दाबाच्या काडतुसाची नळी चढवली असेल तर सावध व्हावे. अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्डमध्ये क्रमांकच पहिला पाहावा: स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकांच्या रिसीव्हरना (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी सांगाड्यांना) पोलाद तापवताना कारागिराच्या नजरेवर भिस्त ठेवून पाणी दिले गेले होते आणि त्यांतले काही ठिसूळ निघून फुटले. ती रायफल कितीही देखणी असली तरी भिंतीवरच शोभते, असे माझे स्पष्ट मत आहे. एडिस्टोन कारखान्याच्या एम१९१७ मध्ये मूळ नळ्या इतक्या घट्ट आवळलेल्या होत्या, की नळी बदलताना रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला तडा जाण्याचा धोका असतो; म्हणून नळी बदललेली असेल तर ते कडे भिंगाखाली पाहावे. जपानी टाइप ९९ ची यंत्रणा दणकट आहे, पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या प्रशिक्षणाच्या रायफली खऱ्या काडतुसांसाठी बनवलेल्याच नव्हत्या. त्या दोहोंतला फरक ओळखता येत नसेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कॅलिबरच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण नळीवर ठोकलेला आकडा आणि चेंबरचे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीचे) खरे माप एकच असेल असे नाही. जर्मन ८ मिमी माउझरचेच पाहा: सुरुवातीच्या नळ्या .३१८ इंच व्यासाच्या गोळीसाठी होत्या, १९०५ च्या सुमारास .३२३ इंचाची गोळी आली, आणि दोन्ही काडतुसांचे बाह्यरूप जवळजवळ सारखेच असल्याने जाड गोळीचे काडतूस अरुंद नळीच्या रायफलीत शिरते. दाब मात्र धोकादायक पातळीवर जातो. काही देशांत लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्यामुळेही कॅलिबर बदलले गेले. ऑस्ट्रेलियात .३०३ ची मान आवळून .३०३-२५ तयार झाले, तर भारतासाठी ली-एन्फिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ च्या रायफली बनल्या. कधी कोणी चेंबर रीमरने मोठे केले आणि नळीवरचा जुना आकडा तसाच ठेवला. म्हणून विक्रेत्याचे तोंडी सांगणे प्रमाण मानू नये. गनस्मिथकडून कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा चेंबरमध्ये साचा घ्यावा आणि मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तिचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. ज्या देशांत अधिकृत प्रूफ हाउसची (शस्त्राची चाचणी घेऊन त्यावर ठसा मारणाऱ्या संस्थेची) पद्धत आहे, तिथे चेंबर किंवा नळी बदलल्यावर रायफल पुन्हा चाचणीला गेली होती का, हे त्यावरच्या ठशांवरून कळते. दाबाचा फरक किरकोळ नसतो: सी.आय.पी. या शस्त्रचाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात .३०३ ब्रिटिशसाठी कमाल दाब ३६५० बार आहे आणि .३०८ विंचेस्टरसाठी ४१५० बार.

पाहायला जाताना चांगला छोटा टॉर्च, भिंग, पांढऱ्या कापडाच्या चिंध्या, क्लीनिंग रॉड, मोजपट्टी, नेमक्या मापाचे स्क्रू ड्रायव्हर आणि स्फोटक नसलेली, म्हणजे निष्क्रिय, डमी काडतुसे सोबत ठेवावीत. दस्ता उतरवून पाहू देणार का, हे विक्रेत्याला फोनवरच विचारावे. नाही म्हणाला तर प्रवासाचा खर्च वाचला असे समजावे, कारण रूपांतरातले जे काही वाईट असते ते नेमके लाकडाच्या आत असते.

रायफल हातात आली की आधी मॅगझिन आणि चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, आणि संपूर्ण तपासणीभर नळी सुरक्षित दिशेला ठेवावी. मग बोल्ट बाहेर काढून त्याचा क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का ते पाहावे. न जुळणे म्हणजे नकार नव्हे, पण मग पुढे सांगितलेली हेडस्पेसची तपासणी टाळता येत नाही. बोल्टचा दांडा दुर्बिणीला अडू नये म्हणून बहुधा तापवून वाकवलेला किंवा कापून वेल्डिंगने नवा जोडलेला असतो. हे करताना उष्णता बोल्टच्या अंगात शिरू न देण्याची काळजी घेतली नसेल, तर पोलादाचे पाणी उतरते आणि जिथे कठीणपणा हवा तिथे धातू मऊ पडतो. दांड्याच्या मुळापासून पुढे सरकलेली निळी-जांभळी झाक, वेल्डिंगमधली बारीक छिद्रे आणि मागच्या तिरप्या कॅमवर (फायरिंग पिन मागे खेचणाऱ्या उतारावर) पडलेली घासलेली खाच ही त्याची चिन्हे आहेत. नवे ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केले असेल तर झाक झाकली जाते, म्हणून कॅमकडे जास्त लक्ष द्यावे. लॉकिंग लगांच्या मागच्या बाजू भिंगातून पाहाव्यात. दोन्हींवर सारखी घासण दिसली तर भार दोघांवर सारखा पडत आहे. बंद बोल्ट उघडताना सुरुवातीलाच अडकून मग एकदम सुटत असेल, तर लगांनी रिसीव्हरच्या आत स्वतःसाठी खळगे पाडले असण्याची शक्यता असते, आणि तिथे व्यवहार थांबवावा.

दुर्बिणीच्या माउंटसाठी पाडलेली भोकेही खूप काही सांगतात. ती एका रेषेत आहेत का, पुढचे भोक लॉकिंग लगांच्या बसण्याच्या जागेत आरपार गेले आहे का, आटे झिजल्यामुळे स्क्रू डगमगतात का, आणि एखादे चुकलेले भोक वेल्डिंगने बुजवलेले दिसते का, हे माउंट उतरवूनच कळते. कठीण रिसीव्हरला ड्रिल लागेना म्हणून तो स्थानिक तापवून मऊ केलेला असणे, हे रूपांतरातले सर्वांत गंभीर पाप आहे. एम१९१७ आणि पॅटर्न १४ वरचे साइटचे उंच कान घासून सपाट करताना रिसीव्हर किती खाली गेला, हेही तिथेच तपासावे.

आता हेडस्पेस. बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकते ती जागा, यांतल्या अंतराचे हे मोजमाप. ते वाढले की स्फोटाच्या क्षणी पुंगळी मागे सरकून ताणली जाते आणि बुडाजवळ तुटू शकते. त्यासाठी गो, नो-गो आणि फील्ड असे तीन गेज असतात. गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होऊ नये, आणि फील्डवर झाला तर रायफल वापरण्याजोगी नाही. गेज लावताना फायरिंग पिनची यंत्रणा काढून, बोटांच्या हलक्या दाबाने बोल्ट फिरवावा. जोर लावला तर गेज खोटे सांगतो. ली-एन्फिल्डमध्ये लॉकिंग लग मागच्या बाजूला असतात, शिवाय .३०३ चे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते. त्यामुळे तिथे गेज वेगळे लागतात. नं. ४ नमुन्यात ०, १, २ आणि ३ असे आकडे असलेली बोल्ट-हेड बदलून हे अंतर कमी करता येते. पण आधीच ३ क्रमांकाचे हेड बसलेले असेल आणि तरीही नो-गोवर बोल्ट बंद होत असेल, तर सोपा उपाय संपला.

सेफ्टी आणि चाप यांची परीक्षा रिकाम्या रायफलीवरच घ्यावी. फायरिंग पिन चढवून सेफ्टी लावावी, चाप नीट ओढून सोडावा, मग सेफ्टी काढावी; त्या क्षणी पिन सुटली तर दोष आहे. बोल्ट झटक्याने बंद करून आणि दस्त्याच्या बुडाला रबरी हातोडीने दणका देऊन पिन जागची हलत नाही ना, हेही पाहावे. लष्करी चाप दोन टप्प्यांत ओढला जातो आणि तो मुद्दाम तसा असतो. तो हलका करण्यासाठी घरच्या घरी सिअर (चाप ओढेपर्यंत पिन रोखून धरणारा तुकडा) घासलेला असणे, ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. दुर्बिणीमुळे मूळ सेफ्टी फिरत नाही म्हणून ती काढून टाकून काहीच बसवलेले नसेल, तर नव्या सेफ्टीचा खर्च लगेच हिशोबात धरावा.

नळीच्या बाबतीत थोडक्यात सांगता येते. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (पिन आदळताच पेटणाऱ्या बुडातल्या टोपीतून) उरणारे क्षार हवेतले पाणी खेचून घेतात, त्यामुळे आतून खड्डे पडणे स्वाभाविक आहे. रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांच्या) कडा धारदार असतील तर थोड्या खड्ड्यांनी नेम बिघडत नाही. आखूड केलेल्या नळीचे तोंड मात्र बारकाईने पाहावे, कारण हॅकसॉने कापून सरळ कानशीने सपाट केलेले तोंड गोळीला एका बाजूला ढकलते. तोंड पुन्हा कातून घेता येते, आणि ते काम फार महागही नसते.

दस्त्यात फक्त लाकूड कापलेले असेल आणि नळी, रिसीव्हर, साइट अभंग असतील, तर रायफल मूळ रूपात परत नेता येते. काही रायफलींवर पुढच्या पट्टीखाली लपलेला एक आडवा काप दिसतो. दुसऱ्या महायुद्धातून घरी परतणाऱ्या सैनिकांनी रायफल पिशवीत मावावी म्हणून तो घातलेला असे, आणि तो जोडणे अवघड नाही. ड्रिल केलेल्या रिसीव्हरला मात्र मूळ रूप परत मिळत नाही.

या सगळ्याची नोंद झाली की कागद घेऊन बेरीज करावी: मागितलेली किंमत, गनस्मिथची तपासणी, तोंड कातणे, माउंट, सेफ्टी किंवा चाप, दस्ता, आणि त्या कॅलिबरची काडतुसे. ही बेरीज नव्या साध्या रायफलीच्या किमतीपुढे गेली आणि उद्देश फक्त वापराचा असेल, तर घेऊ नये. हौस असेल तर किती जास्त देण्याची तयारी आहे, तो आकडा घरी ठरवूनच निघावे, कारण हातात घेतल्यावर जुन्या बोल्टची तेलासारखी सरकणारी चाल निर्णय फिरवते. बोल्टचे किंवा रिसीव्हरचे पाणी उतरले असल्याची शंका असेल, तर किंमत कितीही कमी केली तरी व्यवहार करू नये.

खरेदी झाल्यावर गनस्मिथने लेखी तपासणी देईपर्यंत गोळी झाडू नये. पहिल्या फेरीसाठी कारखान्यात बनलेली, मूळ कॅलिबरच्या दाबात बसणारी काडतुसे घ्यावीत, डोळ्यांवर आणि कानांवर संरक्षण असावे, आणि रायफल गोळीबार मैदानावरच्या स्टँडमध्ये बांधून दोरीने चाप ओढावा. प्रत्येक पुंगळी वेगळी ठेवून पाहावी: बुडाच्या वर चकचकीत कडे उमटले असेल, प्रायमर बाहेर आला असेल किंवा पिनच्या खुणेभोवती वायूची काजळी असेल, तर उरलेली काडतुसे डब्यात परत ठेवावीत आणि त्या पुंगळ्या गनस्मिथकडे न्याव्यात.