रांग, लाईन, नंबर की बारी? सोलापुरात कुठं काय म्हणायचं

पुस्तकात रांग असते, पण सोलापुरात गिरणीत, रेशनला नाहीतर दवाखान्यात गेलात तर 'रांग कुठून सुरू होते' असं कोण विचारत नाही, सरळ 'शेवटी कोण आहे?' विचारायचं, कोणीतरी हात वर करतं, त्याला 'तुमच्या मागं मी' म्हणायचं की झालं, लागला तुमचा नंबर. पूर्वी पाळी म्हणायचे, आता त्या शब्दाचा दुसराच अर्थ आधी डोक्यात येतो म्हणून नंबरच बरा.

नंबर लावायला स्वतः उभं राहायलाच पाहिजे असं काय नाही. टँकरला घागर नंबरात असते, गिरणीत दळणाचा डबा, तोवर तुम्ही चहा पिऊन या, फक्त जाताना मागच्या-पुढच्या दोघांनाही 'आलोच, बघा जरा' सांगून जा. मी एकदा एकालाच सांगून गेलो, तो पाणी भरून घरी गेला आणि माझी घागर पार कडेला.

लाईन जपून वापरा. लाईन लावली म्हणजे नंबरात उभा, लाईन मारली म्हणजे भलतंच, लाईन गेली म्हणजे फॅन बंद, आणि रिक्षावाल्याला रेल्वे लाईन्स म्हणलं तर तो त्या नावाच्या भागात नेऊन सोडेल, तिकिटाच्या लाईनीत नाही.

लिहिताना मात्र रांगच. रांगेत, रांगेतून, अनेकवचन रांगा, 'रांगमध्ये' कानाला खटकतं. ओळ वेगळी, शाळेत प्रार्थनेला पोरं ओळीत उभी राहतात, तिथं कोण कशाची वाट बघत नसतं (सुट्टीची सोडून).

पंढरपूरला गेलात तर बारी. आषाढीला दर्शनबारी पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, पायावर डोकं ठेवायचं तर तासन्तास बारीत, घाई असेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते ती विचारा. एवढ्या लांब रांगेला आपण मारुतीचं शेपूट म्हणतो, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला क्यू फ्रेंचमधून आला, तिथं त्याचा अर्थ शेपूटच.

आपल्याकडं शेजारच्या तेलुगू घरात वरुस ऐकू येईल, कन्नड घरात सालु, पण नंबर म्हणलं की सगळ्यांना कळतं.

आता राहिला 'फक्त विचारायचंय' म्हणत मधीच घुसणारा. वयानं मोठा असेल तर 'काका, नंबर आहे इथं' एवढंच, दोस्त असेल तर 'मागं ये की बे'. हे उलटं करू नका, काकांना बे म्हणलात तर नंबर राहतो बाजूला आणि अख्खी लाईन तुमच्याकडंच बघत बसते.