महागडा घडीचा चाकू घेताय? आधी हे बघा

सेबेन्झा ३१, पॅरा मिलिटरी २ आणि बगआऊट, हे तिन्ही घडीचे चाकू अमेरिकेत बनतात पण किमतीत खूप फरक आहे, त्यामुळे नुसतं नाव बघून पैसे टाकू नका. आधी वजन बघा, बगआऊट जेमतेम ५२ ग्रॅम, खिशात आहे हेच विसरायला होतं, रोज बाळगायला मी तोच घेईन. मग चाकू उघडून पातं पाठीकडून चिमटीत धरा आणि डावीउजवीकडे हलवून बघा, जरा जरी खुळखुळलं तर सरळ परत करा. उघडं पातं जागेवर धरून ठेवणारा लॉकही एका हाताने सुटायला हवा, पॅरा मिलिटरीचा सोडताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, हे फार मोलाचं आहे. सेबेन्झाची टायटॅनियमची मूठ सुंदरच, पण नुसते खोके आणि पार्सल कापायचे असतील तर तेवढे पैसे घालू नका.