गवती चहाचा ठोंब कधी आणि कसा फोडायचा

होस्टाचे (थंड प्रदेशातलं, ठोंब फोडून वाढवायचं शोभेच्या पानांचं झाड) फोटो बघून मुंबईत तो लावायच्या भानगडीत पडू नका, त्याला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, तेव्हा पानं टाकून तो झोपतो आणि आपल्याकडे जानेवारीतसुद्धा पंखा चालूच. ठोंब फोडून एकाची चार रोपं करायची हौस असेल तर गवती चहा आहे की! त्याला फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे बियांची वाट बघण्यात अर्थ नाही, ठोंबच फोडायचा.

आता वेळ. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो, पण तारखेवर जाऊ नका, दोन-तीन दमदार सरी पडून मे महिन्याची भट्टी विझली की काढा कुंडी. मी एकदा शहाणपणा करून मेच्या सुट्टीतच फोडला, गॅलरी पश्चिमेची, सहा रोपं केली त्यातल्या पाचांचा आठवड्यात पेंढा झाला. जुलैत झड लागल्यावर पण नको, ताज्या कापलेल्या मुळांत पाणी साचलं की बुडखा कुजतो. जून हुकलाच तर सप्टेंबरात पाऊस ओसरताना, ऑक्टोबर हीटच्या आधी उरका.

फोडायला झालाय हे कसं कळणार? मधला भाग वाळलेला, नवे फुटवे फक्त कडेला, आणि पाणी घातलं की मुरतच नाही, तसंच वाहून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर (मग त्यांचा फोन). माझ्या 12 इंची कुंडीत दर दोन वर्षांनी ही पाळी येते.

आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, हसू नका, पानाची कड ब्लेडसारखी लागते. पानं वीतभर ठेवून बाकी कापा, नाहीतर मुळं तुटलेली असताना एवढ्या पानांना पाणी पुरत नाही. कुंडी आडवी करून गड्डा काढा, हाताने फुटत नाहीच, मी जुनी करवत वापरते, ब्रेडची सुरी पण चालते. प्रत्येक भागाला तीन-चार फुटवे आणि खाली मुळं हवीतच. मधलं वाळकं फेकून द्या. लांबलचक मुळं चार बोटं ठेवून छाटा.

माती, शेणखत आणि थोडी वाळू, कुंडीचं भोक मोकळं आहे ना बघा. आधी जेवढं मातीत होतं तेवढंच पुरा, पांढरा बुडखा खोल गाडला की कुजलाच समजा. आठवडाभर सावलीत, मग उन्हात. मधून नवीन हिरवी सुरळी वर आली म्हणजे रोप लागलं, तोवर खत नाही, आणि चहासाठी पानं तोडायची ती गणपतीनंतरच. तोपर्यंत छाटलेली पानं सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.