आयटीआय झालं, पण शॉपवर हात चालंना? असं करून बघा

भावांनो, कोल्हापूरजवळ शिरोली न्हाईतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखान्यात कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी कळालं की आपण शिकलो एक आणि इथं मागतायत भलतंच, तर लगेच काम सोडू नका.

आधी एका वहीत दोन रकाने पाडा, एकीकडं रोज काय काय करायला लागतंय ते आणि दुसरीकडं त्यातलं कुणाला न विचारता काय जमतंय ते. टर्नर ट्रेड (लेथचं काम) करून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, उभारलेल्यांचं बहुतेक तीन ठिकाणी अडतंय. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालतंय ते) वाचणं, माप घेणं, आणि ऑफसेट टाकणं (टूलच्या मापातला फरक मशीनला सांगणं). मापाचं आधी धरा, साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत दाखवतो आणि मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, मग जॉबला (म्हणजे बनवायच्या पार्टला) टॉलरन्सच ०.०१ चा असंल तर व्हर्नियर घेऊन काय उपयोग सांगा (मी केलंय हे, अख्खा लॉट रिजेक्ट, सुपरवायझरच्या शिव्या वेगळ्या). मशीनला हुकूम द्यायचे कोड पाठ करायच्या नादाला लागू नका, जी ०० नुसतं पटकन सरकणं, जी ०१ सरळ कट, एम ०८ ला कूलंट चालू, एवढ्यावर सुरुवात होते, बाकी सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) शेजारी उभारून बघायचं. च्या पाजा त्याला, खरंच.

अजून कामाला लागला नसाल तर १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप बघा, स्टायपेंड कमी असतंय पण मशीन खरं मिळतंय.

आणि उलटं असंल, म्हणजे डिप्लोमा करून नुसतं फेटलिंगला (कास्टिंगचा जादा भाग घासून काढायला) ग्राइंडर धरायला लावलाय, तर तीच वही घेऊन क्वालिटीत (माल तपासायच्या खात्यात) बदली मागा.