बाळाला शब्द शिकवायचे तर व्हिडिओ नको, वाटी-चमचा घ्या

दोन वर्षांच्या आतलं बाळ नुसत्या पडद्यावरून फारच थोडं शिकतं. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या अमेरिकेतल्या प्रयोगात 9 महिन्यांच्या बाळांना 12 बैठकांत मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते जमलं नाही. बाळ कुठे बघतंय हे व्हिडिओला दिसत नाही आणि तो उत्तरासाठी थांबतही नाही.

म्हणून भरवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बाळाची नजर वाटीवर गेली की तेव्हाच ‘वाटी’ म्हणा. मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. हुंकार आला, हात पुढे आला, की ‘हो, वाटी! गरम आहे वाटी’ असं पुढे न्या. बहुतेकांचं चुकतं ते या गप्प राहण्यात. आपण बोलतच सुटतो आणि बाळाची पाळी येतच नाही.

मोबाइल दाखवून भरवायची सवय असेल तर सुरुवातीला बाळ रडेल, दोन घास कमी खाईल. जबरदस्ती करू नका. मागे चालू असलेला टीव्हीही बंद करा, त्याच्यापुढे मोठ्यांचं बोलणं कमी होतं. आजीचा व्हिडिओ कॉल मात्र जरूर लावा, आजी उत्तर देते.