ईटीएफमधून नियमित उत्पन्न: टक्का नंतर, एनएव्ही आधी

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड. एखाद्या ईटीएफचं वर्षाचं वाटप (गुंतवणूकदारांना दिली जाणारी रक्कम) १०-१२ टक्के दिसलं की बोट लगेच खरेदीकडे वळतं. त्याआधी त्याच्या एनएव्हीचा, म्हणजे एका युनिटमागच्या मालमत्तेच्या मूल्याचा, तीन ते पाच वर्षांचा आलेख काढा. १०० चा एनएव्ही तीन वर्षांत ७५ वर आला आणि तेवढ्या काळात २७ हातात पडले, तर खरी कमाई फक्त २. उरलेले २५ तुमचेच होते, हप्त्याहप्त्याने परत मिळाले.

अशा घसघशीत वाटपामागे बहुतेक वेळा कव्हर्ड कॉल असतात. म्हणजे फंड शेअर धरून ठेवतो आणि त्यावर कॉल (तो शेअर ठरलेल्या भावाला विकत घेण्याचा हक्क) विकून मिळालेला प्रीमियम वाटतो. समजा शेअर १०० ला आहे, १०२ चा कॉल २ प्रीमियमला विकला. शेअर घसरून ८८ झाला. पडझड पूर्ण सोसली, हाती आले २. पुढच्या महिन्यात ९० चा कॉल विकला, पुन्हा २ मिळाले, आणि शेअर उसळून १०० वर गेला. फंड मात्र ९० लाच अडकला. साधा शेअर धरणारा मुद्दलावर परत आला. तुमच्याकडे ९० अधिक ४, म्हणजे ९४. बाजार रेंगाळत असेल तेव्हा हे फंड छान चालतात, पडून झपाट्याने सावरला की मार खातात. उत्पन्नाच्या भागातला पाचवा हिस्सा इथे पुरे.

पाया रोख्यांच्या ईटीएफचा ठेवा, पण 'सरकारी रोखे म्हणजे सुरक्षित' एवढ्यावर थांबू नका. माहितीपत्रकात ड्युरेशनचा, म्हणजे व्याजदर बदलले की किंमत किती हलते ते सांगणारा, आकडा शोधा. व्याजदर १ टक्क्याने वाढले तर किंमत साधारण तेवढे टक्के उतरते: ड्युरेशन २ असेल तर सुमारे २ टक्के, १७ असेल तर १७. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढले, तेव्हा शेअर आणि लांब मुदतीचे सरकारी रोखे एकदमच कोसळले. शिवाय रोख्याला मुदत असते, नेहमीच्या रोखे ईटीएफला नसते. 'थांबलो की मुद्दल मिळेल' हा हिशेब इथे लागू होत नाही. वर्षभरात लागणारा पैसा अगदी अल्प मुदतीच्या फंडातच हवा.

शेअरचा हिस्सा किती, हे उत्साहावर सोडू नका. २००७ ते २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी ५०० शिखरापासून सुमारे ५७ टक्के खाली आला होता. निम्मी घसरण गृहीत धरा: एकूण पुंजीत २० टक्क्यांहून जास्त घट सोसणार नसेल, तर शेअर ४० टक्क्यांच्या वर नकोत.

आता खरेदी. बिड (घेणारा देऊ करतो तो भाव) ४९.९० आणि आस्क (विकणारा मागतो तो भाव) ५०.१० असेल तर घेऊन विकण्यातच ०.४ टक्के जातात. वर्षाला ४ टक्के देणाऱ्या फंडात हा उत्पन्नाचा दहावा भाग झाला. खर्चाचं प्रमाण सगळे तपासतात, हा फरक क्वचितच कोणी बघतं. ऑर्डर लिमिटचीच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाचीच टाका, तीही बाजार उघडल्यावर अर्ध्या तासाने. २४ ऑगस्ट २०१५ ला अमेरिकेत बाजार उघडताच कित्येक ईटीएफ आतल्या शेअरच्या किमतीपेक्षा बरेच खाली व्यवहार करत होते. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाच्या) आणि स्टॉप-लॉस (किंमत ठरलेल्या पातळीखाली गेली की आपोआप विकणाऱ्या) त्याच भावांना पूर्ण झाल्या. जोखीम आवरायला लावलेल्या स्टॉप-लॉसनेच घात केला.

एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून घेणाऱ्याला ते वाटप मिळत नाही) आदल्या दिवशी घाईने घेण्यात काही फायदा नाही, साधारण वाटपाएवढी किंमत दुसऱ्या दिवशी उतरते. निर्देशांकाच्या रोजच्या चढउताराच्या दुप्पट हलणारे लिव्हरेज्ड फंड तर या कामाचेच नव्हेत: निर्देशांक एका दिवशी १० टक्के चढून दुसऱ्या दिवशी ९.०९ टक्के पडला की जागेवर येतो, दुप्पटवाला १०० वरून ९८.२ वर.

वाटपाचे पैसे खर्चाला लागत नसतील तेव्हा ते आपोआप त्याच फंडात न गुंतवता, ठरलेल्या हिश्शापेक्षा मागे पडलेल्या फंडात टाका. फरक ५ टक्क्यांच्या पुढे गेला तरच विकून समतोल साधा.