ड्राफ्टची यादी वाचताना पैशांचा रकाना आधी वाचा

मी ह्यूस्टनला राहते आणि अ‍ॅस्ट्रोज माझा संघ. जुलैत बेसबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला की ओळखीतली मराठी मुलं विचारतात, "मावशी, आपल्याला कोण मिळालं?" नाव पुकारलं म्हणजे खेळाडू मिळाला असं नसतं. सही होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर हिशेब मांडावा.

वहीत चार रकाने आखा: निवडीचा क्रमांक, त्या जागेसाठी ठरवून दिलेली रक्कम, खेळाडूला कबूल केलेला बोनस आणि दोन्हींतला फरक. ड्राफ्ट २० फेऱ्यांचा असला तरी पहिल्या १० पुरेत. त्यांतल्या रकमांची बेरीज म्हणजे संघाचा बोनस-पूल. त्यापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत जास्त दिलं तर जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो. त्याहून पुढे गेलं की पुढची पहिल्या फेरीतली निवडही जाते, म्हणून तिथवर कुणी जात नाही.

आता खरी मेख. खेळाडूने सही केली नाही, तर त्याच्या जागेची सगळी रक्कम पूलमधून वजा होते. त्याच्यावर वाचवलेले पैसे दुसऱ्याला कबूल केले असतील, तर तोही लटकतो.

२०१४मध्ये आमच्याकडे हेच झालं. पहिली निवड ब्रेडी एकन, शाळकरी डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा). जागेची रक्कम ७९ लाख डॉलरच्या वर, आणि बातम्यांप्रमाणे बोलणी ६५ लाखांवर ठरलेली. उरलेल्या पैशांच्या जोरावर पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सला १५ लाख कबूल केले होते. वैद्यकीय तपासणीत एकनच्या कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका निघाली, संघाने आकडा खाली आणला आणि सही झाली नाही. ७९ लाख पूलमधून गेले, त्याबरोबर निक्सचाही करार गेला. त्याच्या तब्येतीत काही खोट नव्हती! संघाला २०१५मध्ये भरपाई म्हणून दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली आणि तिच्यातून अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. इथले लोक आजही त्यावर खूश असतात. मला मात्र निक्सची बाजू विसरता येत नाही. तो पुढे सॅन डिएगोकडून २०१८मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, पोचला. एकन कधीच पोचला नाही.

म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा आणि शाळेतून निघालेला मुलगा वेगवेगळ्या रंगाने लिहा. पहिल्याला परत जायला जागा नसते, तो थोड्या पैशांत सही करतो. आठव्या-नवव्या फेरीत अशी नावं दिसली की वर कुणासाठी तरी पैसे साठवताहेत असं समजा. शाळकरी मुलाकडे कॉलेजचा पर्याय असतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत सहसा पुन्हा ड्राफ्टमध्ये येत नाही. दोन वर्षांच्या कॉलेजातून पुढच्याच वर्षी येऊ शकतो. नकार हा वेडेपणाच असतो असंही नाही. पिचर गेरिट कोलने २००८मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाला नाही म्हटलं आणि २०११मध्ये पिट्सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेऊन ८० लाख दिले.

पिचर असेल तर तपासणीची बातमी मुद्दाम शोधा. आईकडून भारतीय वंशाचा कुमार रॉकर २०२१मध्ये दहावा निवडला गेला, ६० लाखांवर बोलणी झाल्याचं आलं, पण तपासणीनंतर त्याला निवडणाऱ्या न्यूयॉर्क मेट्स संघाने प्रस्तावच दिला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. आता नामांकित खेळाडूने ड्राफ्टआधीच एमआरआय वगैरे करून घेतलं, तर त्याला जागेच्या किमान ७५ टक्के रकमेचा प्रस्ताव द्यावाच लागतो. अशी तपासणी झालेली असेल तर नावापुढे खूण करा.

अकराव्या फेरीपासून पुढे घेतलेले गाजलेले शाळकरी खेळाडू वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तिथे दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस पूलमध्ये धरत नाहीत, त्यावरचाच धरतात. वरचे सगळे करार झाल्यावर पूलमध्ये काही उरलं, तर सहीची मुदत संपण्याआधीच्या एक-दोन दिवसांत ते यांच्याकडेच वळतं.